मोहरीएवढा दाणा

आमच्या कोकिळेला एक खोड होती. लेकरू रडलं की हातातलं काम जिथल्या तिथं टाकायची. तव्यावरची भाकर कोळसा झाली तरी चालेल, बादली दोरासकट विहिरीत गेली तरी चालेल, पण हिनं धावलंच पाहिजे. मी पाच लेकरं जन्माला घातली, त्यातली तीन जगवली, पण कोणाच्या रडण्याला अशी भ्याले नाही. लेकरू रडतं, रडून दमतं, दमलं की झोपतं. यात धावण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलं नव्हतं.

कोकिळा माझी सून. हिंमतरावाची बायको. माहेर संग्रामपूरच्या पलीकडचं, मळेवाल्याचं घर. बाप पुंजाजी वांगी-मिरची लावायचा आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारात विकायचा. मळ्यात काय, चार वाफे आणि एक मोट. तिथं लेकरू काखेला मारून काम होतं. आमचं घर पऱ्हाटीचं. कापूस फुटला की तो कोणाच्या लेकराची वाट पाहत नाही.

आमच्याकडं रीत अशी होती, की वेचणीच्या दिवसांत अंगावरच्या लेकराला सकाळी मोहरीएवढी अफू चाटवायची आणि वावरातल्या निंबाला झोळी बांधून तीत घालायचं. दुपार टळेपर्यंत ते हूं की चूं करत नाही. माय दोन्ही हातांनी वेचते. अफूच्या ठेक्यावर नागपूरच्या सरकारची पाटी होती आणि बाजाराच्या दिवशी तिथं बापयांपेक्षा बायाच जास्त दिसत. माझ्या सासूनं माझ्या लेकरांना दिली. मी त्यावर हिंमतराव वाढवला, तो आज दोन खोंडं एका हातानं आवरतो. मग नातवाला, मोतीरामाला दिली तर काय बिघडणार होतं?

पण कोकिळा ऐकेना. मोतीराम आठ महिन्यांचा झाला तरी तिनं एक दाणा त्याच्या जिभेला लागू दिला नाही. मी विचारलं तेव्हा खाली पाहून बोलली, "आत्याबाई, ते खाल्लेल्या लेकराच्या डोयात पाह्यलं तं त्याच्यात मी दिसत नाही."

मी म्हटलं, तोंड पाहायचंच आहे तर बाजारातून आरसा आण. शेजारच्या बाया हसल्या. मलाही माझं बोलणं आवडलं होतं.

खरं सांगायचं तर त्या पोरावर माझाही जीव कमी नव्हता. त्याची न्हाणी माझ्याकडं होती. रोज सकाळी अंगणात पाट टाकून बसायचं, लुगडं गुडघ्यांच्या वर घ्यायचं, दोन्ही पाय लांब करायचे आणि त्यावर त्याला पालथा घालायचा. तेल चोळताना तो बेडकासारखा पाय मारायचा. पाठीवर गरम पाण्याचा तांब्या ओतला की श्वास रोखायचा, आणि मग एकदम असा हुंकार द्यायचा की माझे दुखरे गुडघे हलके व्हायचे. खालचे दोन दात नुकतेच निघाले होते. माझं बोट त्यानं असं चावलं होतं की रक्त आलं. मी ते बोट दिवसभर मिरवलं.

शेजारी त्याची बहीण शालू, चार वर्षांची, माझ्यासारखेच पाय लांब करून बसायची आणि वांग्याला न्हाऊ घालायची. वांग्याचा देठ म्हणजे त्याची शेंडी. मी पोराला जे बोलायची तेच ती वांग्याला बोलायची, त्याच आवाजात. "रडू नको बे, तुयी माय तं वावरात मेली." मी तिला दटावलं की म्हणायची, आजी, तूच म्हणतं.

त्या वर्षी कार्तिकात ऊन असं पडलं की अख्ख्या शिवाराची बोंडं एकाच आठवड्यात फुटली. सगळ्यांचा कापूस एकदम आला म्हणजे वेचायला बाया मिळत नाहीत. ज्या मिळाल्या त्या मंजुळाबाईच्या टोळीच्या सात जणी, त्याही गावातल्या तीन घरांत वाटलेल्या. त्यात सातपुड्याच्या अंगाला रोज दुपारी ढग बसू लागले. फुटलेल्या बोंडावर पाणी पडलं की कापूस लोंबतो, मातीत गळतो आणि काळा पडतो. मग वर्षभराची मेहनत दिवसभरात जाते. हिंमतराव जेवताना घास हातात धरून वर आभाळाकडं पाहायचा.

अशात कोकिळा दर घटकेला झोळीकडं. कमरेची कापसाची ओटी सोडायची, निंबाखाली बसायची, पदराखाली घ्यायची. तो चार घोट प्यायचा आणि खेळायला लागायचा. ही त्याच्याशी बोलत बसायची. तिकडं बायांची पात अर्ध्या वावरात गेलेली.

मी बांधावर बसून होते. गुडघ्यांमुळं मला वाकता येत नव्हतं, पण तोंडाला काही झालेलं नव्हतं.

एका संध्याकाळी सगळ्यांचे ढीग बांधावर पडले. मंजुळाबाईचा ढीग बकरीएवढा. कोकिळेचा बसलेल्या कोंबडीएवढा. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मालकिनीचा कापूस पाहा वं बायांनो. एवढ्यात तं देवाच्या वाती बी होनार नाहीत. मंजुळे, हिले शिकव वेचाले. आमच्या घरी तं हिनं निस्तं पाजनं शिकलं."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मंजुळाबाई हसली नाही. ती माझ्याच वयाची, हाताची बोटं बोंडाच्या काट्यांनी चिरून काळी पडलेली. कोकिळा आपला ढीग दोन्ही हातांनी चेपत राहिली, चेपल्यानं वाढणार असल्यासारखी. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग ती मान खाली घालूनच मंजुळाबाईजवळ गेली आणि दोघी काहीतरी हळू बोलल्या. मला वाटलं, वेचायचंच विचारत असेल. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवलाच नाही. डोंगराकडून ढग खाली आले होते आणि वारा पडला होता. हिंमतराव म्हणाला, आज होईल तेवढं, उद्याचा भरवसा नाही. कोकिळा चुलीजवळ भाकरी थापत होती. मी पोराला न्हाऊ घातलं, पुसलं, धुरी दिली. तो मांडीवर निजून माझ्या नाकाला हात लावत होता. माझी स्वतःची अफू कमरेच्या चंचीत असायची, पितळेच्या डबीत, गुडघ्यांसाठी. मी दाराकडं पाहिलं. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. डबी उघडली, मोहरीएवढा दाणा तोडला, बोटावर थुंकी लावून विरघळवला आणि त्याच्या तोंडात बोट घातलं. ज्या बोटाला तो चावला होता तेच. त्यानं ते चोखलं. कडू लागून तोंड वाकडं केलं आणि तरी चोखलं, कारण बोट माझं होतं.

शालू वांगं घेऊन समोरच बसली होती. तिनं विचारलं, त्याले काय देल्लं? मी म्हटलं, गूळ. मायले सांगू नको.

एका दिवसाचा प्रश्न होता. वेचा आटोपला असता, सुनेला कळलंही नसतं. आणि कळलं असतं तर मीच जिंकले असते.

त्या दिवशी कोकिळा अशी वेचत होती की मी पाहतच राहिले. झोळीकडं एकदाही गेली नाही. दोन्ही हात चालत होते, बोंडाला बोटं लागली की कापूस ओटीत. मंजुळाबाईच्या बरोबरीनं तिची पात होती. मी बांधावरून ओरडून म्हटलंसुद्धा, की आता कशी रीतीवर आली. तिनं मान वर केली नाही. शालू झोळीला झोका देऊन कंटाळली आणि मातीत खेळू लागली. पोर झोपलं होतं.

दुपारी बाया भाकरी खायला बसल्या. कोकिळेची चोळी समोरून ओली झाली होती. दोन वेळचं दूध साठलं होतं, दुखत असणार. ती पदर सावरत निंबाखाली गेली. मी हिंमतरावाला चटणी वाढत होते.

ती ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, हा उठत नाही."

मी गेले. पोराचे ओठ जांभळे झाले होते. छाती हलायची, मग थांबायची, मग आपण मोजायला लागलो की पुन्हा हलायची. पापणी वर केली तर बुबुळ सुईच्या टोकाएवढं. त्या डोळ्यात कोणीच दिसत नव्हतं.

बाया धावल्या. मंजुळाबाईनं पोराच्या तळपायांवर फटाफट टिचक्या मारल्या आणि विचारलं, "देल्ला का वं तू?"

कोकिळा म्हणाली, "देल्ला. झोयीत टाकाच्या आंधी. तुमी देल्ला व्हता तोच, एकच. मोहरीएवढा." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "काल तुमी बोलल्या आत्याबाई, म्हनून देल्ला."

मला कळलं. त्याच क्षणी, सगळं. सकाळचा माझा आणि त्यावर हिचा. आदल्या संध्याकाळी ती मंजुळाबाईजवळ काय बोलली तेही कळलं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. आयुष्यभर कोणाला न आवरलेली माझी जीभ टाळ्याला चिकटली. आणि सुटली तेव्हा जे बोलली ते मी सांगते, कारण ते लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "एका दान्यानं असं होत नसते. तू जास्त देल्ला असशील."

सगळ्या बाया ऐकत होत्या. हिंमतराव ऐकत होता.

कोणाच्या तरी घरून ताक आणि हिंग आलं. हिंग कालवून ताक त्याच्या तोंडात घातलं, अर्धं बाहेर आलं. थंड पाण्याचे शिपके मारले. हिंमतरावानं दमणी जुंपली आणि आम्ही तालुक्याच्या दवाखान्याला निघालो. चार कोस. कोकिळेनं त्याला उभा धरला होता, झोपू देत नव्हती, गालावर चापट मारायची आणि लगेच तिथंच हात फिरवायची. मी त्याचे पाय चोळत होते. ते पाय मी रोज तेलानं चोळायची. आज ते कशालाच उत्तर देत नव्हते. बैलांच्या तोंडाला फेस आला. हिंमतरावानं मागं वळून एकदाही पाहिलं नाही.

डॉक्टर वयानं कोवळा होता. त्यानं पोराची पापणी उचलली आणि पहिला प्रश्न तोच केला, किती दिली? कोकिळेनं सांगितलं, एक दाणा. तो म्हणाला, बाई, एवढ्यानं ही दशा होत नाही. मी रागावणार नाही. किती पोटात गेली ते मला कळलं, तर मला औषधाचं ठरवता येईल. कोकिळेनं पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा तेच सांगितलं. हिंमतराव दात आवळून म्हणाला, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं काऊन बोलतं?

डॉक्टरनं माझ्याकडंही पाहिलं. मी म्हातारी, घरची मोठी. मी फक्त, "दोन धरून चाला, डाक्टर," एवढं म्हटलं. त्याला वाटलं मी अंदाज सांगते. हिंमतरावाला वाटलं मी सुनेचं खोटं उघडं करते. कोकिळेला काय वाटलं ते मी पाहिलं नाही. पाहण्याची हिंमत झाली नाही.

त्यानं नळी घालून पोट धुतलं, काळी कॉफी पाजली, एका बाईला त्याच्या तळपायांशी बसवलं. दिवस कलत आला. बाहेर पावसाचे थेंब पडायला लागले. आमचा अर्धा कापूस वावरात उभा होता आणि त्याची आठवणसुद्धा कोणाला झाली नाही. मी पोराच्या तोंडाशी कान नेऊन बसले होते. मी, जी लेकराच्या रडण्याला कधी धावली नाही, ती एका रडण्यासाठी सगळ्या देवांना नवस बोलत होते.

दिवेलागणीला तो कण्हला. मग चेहरा आंबट केला, दोन दात दिसले आणि तो रडला. बारीक, चिडका, नेहमीचा. कोकिळा त्याला घ्यायला पुढं झाली. हिंमतरावानं तिचा हात धरून बाजूला सारला आणि पोर उचलून माझ्या मांडीवर दिलं.

"माय, आता हा तुयाच जवळ राहीन. हिचा भरोसा नाही."

आणि मी घेतलं.

चार दिवस तसेच गेले. पोर माझ्याजवळ. पाजण्यापुरतं तिच्याकडं द्यायचं, तेही मी समोर बसून. पाजून झालं की हिंमतराव खाकरायचा आणि मी हात पुढं करायची. मोतीराम माझ्या खांद्यावरून तिच्याकडं झेपावायचा, माझे केस ओढायचा. ती चुलीकडं तोंड करून बसायची. हिंमतराव तिच्या हातची भाकर खाईना, माझ्या हातचीच मागे. गावात झालं, की हिंमतरावाच्या बायकोनं वेचा टळू नये म्हणून लेकराला अफूची गोळी चारली. विहिरीवरच्या बाया तिला दोर देईनात. मी पाण्याला गेले तर माझी घागर आधी भरून द्यायच्या. म्हणायच्या, गोजरबाई, तुम्ही व्हत्या म्हणून वाचलं.

मी त्यांना नाही म्हटलं नाही.

रोज सकाळी न्हाऊ घालताना तो माझं बोट धरून तोंडात न्यायचा. मी ओढून घ्यायची. तो पुन्हा धरायचा. त्याचा माझ्या बोटावरचा विश्वास काही कमी झाला नव्हता.

पाचव्या दिवशी पुंजाजी आले. हिंमतरावानं निरोप धाडला होता, की लेक घेऊन जा, लेकरं इथं राहतील. पोराला गाईचं दूध सुरू करू. पुंजाजी मळ्यातून तसेच आले होते, पायाला गारा वाळलेला. नातवंडांसाठी पेरू आणले होते, ते कोणाच्या हाती द्यावेत ते त्यांना कळेना, म्हणून ओट्यावर कडेला ठेवले. पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. मी दारात बसले होते, पोर मांडीवर. ते माझ्या समोर आले, डोक्याचं मुंडासं काढलं आणि माझ्या पायांशी ठेवलं. पांढरं डोकं उघडं पडलं.

"इहीनबाई, पोरगी माही, चूक माही. म्या तिले वळन नाही लावलं. पन तिचं लेकरू नोका तोडू. अंगावरचं हाय. तुमच्या पाया पडतो."

मी पाय मागं ओढले. हिंमतराव खांबाला टेकून उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. आत कोकिळा गाठोडं बांधत होती. दोन लुगडी आणि पोराची एक कुंची. कुंची तिनं गाठोड्यात ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

अंगणात शालूचा खेळ चालू होता. जुनं वांगं सडलं म्हणून नवं घेतलं होतं. पाय लांब करून तिनं त्याला न्हाऊ घातलं, फडक्यानं पुसलं. मग कमरेला खोचलेली चिंधी काढली, तिची घडी उलगडली, बोटाला थुंकी लावली आणि ते बोट वांग्याच्या तोंडाशी नेलं. दाराकडं चोरून पाहिलं, मी पाहिलं होतं तसंच. म्हणाली, "उगी खा. गूळ होय. मायले सांगू नको."

तिचा बाप पाठमोरा होता. पुंजाजींची नजर जमिनीवर होती. पण कोकिळा उंबऱ्यावर आली होती, हातात कुंची घेऊन. तिनं ते पाहिलं. शालूच्या बोटाकडं पाहिलं, मग माझ्या कमरेच्या चंचीकडं, मग माझ्याकडं.

मी वाट पाहिली. आता बोलेल. बोलली असती तर मला बरं झालं असतं. मग मी भांडले असते, खोटी शपथ घेतली असती, लेकराच्या खेळाचं काय घेऊन बसलीस म्हणाले असते. मला भांडण येतं. पण ती काही बोलली नाही. शालूजवळ गेली, तिच्या हातातली चिंधी घेतली, तिचं थुंकीचं बोट आपल्या पदरानं पुसलं आणि खाली वाकून बापाचं मुंडासं उचललं. झटकून त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, चाला बापू, ऊन व्हते.

माझी लाज तिनं आपल्या पदरानं पुसली होती, पाच वर्षं माझे टोमणे खाऊन.

मी उठले. गुडघे वाजले. पोर एका हातावर घेऊन दुसऱ्या हातानं चंची सोडली, डबी काढली आणि ओट्यावर पुंजाजींच्या पेरूंशेजारी ठेवली. हिंमतराव वळला. मी त्याला सांगितलं, की त्या दिवशी पहिला दाणा मी दिला, न्हाऊ घातल्यावर, हिच्या चोरून. हिनं दिला तो दुसरा. हिला माझा माहीत नव्हता, मला हिचा. निंबाखाली मला कळलं होतं. दवाखान्यात कळलेलं होतं. चार दिवस हिच्या हातून लेकरू घेताना कळलेलं होतं. हिनं देवाशपथ खरं सांगितलं आणि मी तुझ्यासमोर तिला खोटी पाडली.

हिंमतरावानं ओट्यावरची डबी उचलली आणि उघडून पाहिली. पुंजाजी मुंडासं हातात धरून उभे होते, डोक्यावर ठेवायचं त्यांना सुचेना. मी म्हटलं, बांधा ते. ते काढायचं तर मला काढायला हवं होतं आणि माझ्या डोक्यावर काही नाही.

मग मी कोकिळेसमोर गेले. मोतीराम तिला पाहून हात पसरून रडायला लागला. मी त्याला तिच्या काखेत दिला. तो लगेच पदरात शिरला आणि गप झाला.  मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, जसं बांधावर बोलले होते.

"कोकिळे, तुया हातून चूक झाली नाही असं मी म्हननार नाही. झाली. एकच झाली. पाच वर्सांत एक डाव तू मायं आयकलं."